पिकअप एका बाजूला कलते तेव्हा: आधी मोजमाप, मग पाना

तुर्भ्याच्या भाजीपाला बाजारातून पहाटे माल भरून ठाण्याकडे निघणाऱ्या पिकअप गाड्यांकडे मागून पाहिले, तर दर काही गाड्यांमागे एखादी तरी डाव्या किंवा उजव्या अंगाला बसलेली दिसते. गाडी भरलेली असताना हा कल मालाच्या चुकीच्या मांडणीमुळेही येऊ शकतो. परंतु माल उतरवून गाडी रिकामी उभी केल्यावरही हौद्याची एक कड दुसरीपेक्षा खाली राहत असेल, तर तो दोष गाडीतच आहे आणि तो आपोआप जाणार नाही. माझ्या गाडीची मागची डावी बाजू अशीच बसली होती. एका गॅरेजमध्ये मला मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलण्याचा सल्ला मिळाला, मी ते बदलून घेतले आणि दुसऱ्या दिवशी गाडी पूर्वीइतकीच कललेली होती. नवे शॉकॲब्सॉर्बर उत्तम होते, बसवलेही नीट होते. फक्त त्या दोषाशी त्यांचा संबंध नव्हता. खरा दोष डाव्या पाट्यांमध्ये, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, होता आणि तो टेप व खडू घेऊन अर्ध्या तासात सापडण्यासारखा होता. म्हणूनच कोणताही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी काय मोजावे, कसे मोजावे आणि त्या आकड्यांवरून काय ठरवावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

गाडीचे वजन दोनच गोष्टी तोलून धरतात: टायरमधली हवा आणि स्प्रिंग, मग ती स्प्रिंग पाट्यांची असो, गुंडाळीची म्हणजे कॉइलची असो वा टॉर्शन बारची, म्हणजे पीळ घेणाऱ्या दांड्याची, असो. शॉकॲब्सॉर्बर, ज्याला गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात, तो वजन उचलत नाही. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग वर-खाली झुलत राहू नये म्हणून तो फक्त त्या हालचालीला आवर घालतो. साधा तेलाचा शॉकॲब्सॉर्बर काढून ठेवला तरी उभ्या गाडीच्या उंचीत फरक पडत नाही. गॅस भरलेला असेल तर तो थोडा वर ढकलतो, पण बोटभर कल निर्माण होण्याइतके ते बळ नसते. दांडा वाकून शॉकॲब्सॉर्बर मध्येच अडकला असेल, तर मात्र तो गाडीला एका उंचीवर धरून ठेवू शकतो. हा एवढा अपवाद सोडल्यास, कललेल्या गाडीला शॉकॲब्सॉर्बर बदलण्याचा सल्ला देणाऱ्याने मोजमाप केलेले नाही असे खुशाल समजावे.

मोजण्याची जागा

मोजमापातली पहिली चूक जागेची होते. पावसाचे पाणी कडेला वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता ठेवलेला असतो आणि हा उतार साधारण २ ते २.५ टक्के असतो. पिकअपच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १.४ मीटर धरले, तर केवळ रस्त्याच्या उतारामुळे डावे चाक उजव्यापेक्षा २८ ते ३५ मिलिमीटर खाली असते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या किंवा घोडबंदर रस्त्याच्या कडेला गाडी लावून मागे जाऊन पाहणाऱ्याला निर्दोष गाडीही डावीकडे कललेली दिसेल, ती यामुळेच. गृहसंकुलातील वाहनतळही सपाट वाटतो, पण पाणी निचऱ्यासाठी त्यालाही उतार दिलेला असतो. महापे किंवा रबाळे भागातील एखाद्या गोदामाची आतली काँक्रीटची फरशी मिळाली, तर ती जागा यासाठी चांगली. तरीही डोळ्यांवर विश्वास न ठेवता ती तपासून घ्यावी.

तपासण्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, म्हणजे पाण्याने भरलेली पाणसळ, पुरेशी आहे. चारही चाके जिथे टेकणार त्या जागा खडूने आखाव्यात, नळीची दोन टोके दोन जागांवर उभी धरावीत आणि पाण्याची पातळी जमिनीपासून किती उंच येते ते दोन्हीकडे मोजावे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटा येतो, त्यामुळे पाणी भरल्यावर नळी झटकून बुडबुडे काढून टाकावेत. एखादी जागा खोल निघाली तर तेवढ्या जाडीचा प्लायवूडचा तुकडा चाकाखाली ठेवावा. नळी मिळत नसेल, तर आणखी एक सोपी युक्ती आहे: एकदा मोजून झाल्यावर गाडी वळवून, तोंड उलट दिशेला करून, त्याच चार खुणांवर पुन्हा उभी करावी आणि पुन्हा मोजावे. गाडीचा कल गाडीबरोबर फिरतो आणि जमिनीचा कल जमिनीवरच राहतो. म्हणून दोन्ही वेळच्या आकड्यांची सरासरी घेतली की जमिनीचा उतार आपोआप वजा होतो.

मोजण्यापूर्वी हौदा पूर्ण रिकामा करावा. ताडपत्री, दोर, जादा जॅक, सीटमागे साठलेले सामान हे सगळे बाहेर काढावे, कारण भिजलेली ताडपत्री आणि अवजारांची पेटी एकाच कोपऱ्यात पडलेली असेल तर त्यांचे वजन लहान नसते. डिझेलचे वजन लिटरमागे सुमारे ८३० ग्रॅम असते, म्हणजे एका बाजूला असलेल्या ६० लिटरच्या टाकीत ती भरलेली असताना सुमारे ५० किलोचा भार असतो. म्हणून टाकी किती भरली आहे तेही वहीत लिहून ठेवावे, म्हणजे दुरुस्तीनंतरचे मोजमाप त्याच स्थितीत करता येईल. चालकाने बाहेर उतरावे. टायर थंड असताना चारही चाकांतील हवा दरवाज्याजवळच्या पट्टीवर कंपनीने लिहिलेल्या आकड्याइतकी भरावी. शेवटी गाडी दहा-वीस मीटर पुढे-मागे चालवून, कडांवर जोर देऊन दोन-चार वेळा हलवावी, म्हणजे अडकून राहिलेले पाटे आपापल्या जागी बसतात.

तीन आकडे

प्रत्येक कोपऱ्यावर तीन अंतरे मोजावीत आणि ती मिलिमीटरमध्येच लिहावीत. पहिले अंतर जमिनीपासून चाकाच्या मध्यबिंदूपर्यंतचे, दुसरे चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या किंवा हौद्याच्या कडेपर्यंतचे आणि तिसरे जमिनीपासून चासीच्या, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्याच्या, खालच्या कडेपर्यंतचे. तिसरे अंतर दोन्ही बाजूंना अगदी एकाच ठिकाणी, उदाहरणार्थ पाटा चासीला जोडणाऱ्या पुढच्या हँगरच्या बोल्टजवळ, मोजणे आवश्यक आहे, कारण चासी सर्वत्र एका उंचीची नसते.

पहिल्या अंतरात फरक आढळला तर दोष टायरमध्ये आहे. एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला गोटा झालेला टायर असेल, तर नक्षीच्या खोलीतील फरकामुळेच सहा-सात मिलिमीटर जातात. दोन मापांचे टायर मिसळले असतील तर तोही फरक येतो: १५ इंची रिमवर २१५/७५ आणि १९५/८० या मापांच्या टायरांच्या त्रिज्येत सुमारे पाच मिलिमीटरचे अंतर आहे. शंका असल्यास डावी-उजवी चाके अदलाबदल करून पुन्हा मोजावे. कल बाजू बदलत असेल तर निदान तिथेच संपले.

चासीची उंची दोन्हीकडे सारखी, पण मडगार्डची उंची वेगळी आली, तर स्प्रिंगला हात लावण्याचे कारण नाही. अशा वेळी केबिनखालचे रबर माउंटिंग चेपले गेले आहे, हौदा आणि चासी यांच्यामधली लाकडी पट्टी कुजली आहे किंवा हौदा आवळणारे बोल्ट सैल पडले आहेत. अपघातानंतर मडगार्ड नीट न बसवल्यानेही असे दिसते. मी हे मुद्दाम लिहितो, कारण केवळ मडगार्ड पाहून पाटे उतरवलेली गाडी मी पाहिली आहे.

चासीचीच उंची वेगळी असेल तर दोष स्प्रिंगमध्ये, तिच्या जोडणीत किंवा खुद्द चासीत आहे. येथे किती फरक गंभीर मानायचा, हा प्रश्न येतो. माझा स्वतःचा नियम असा आहे की एक सेंटिमीटरपर्यंतच्या फरकासाठी मी पाना उचलत नाही, एक ते दोन सेंटिमीटर असेल तर नोंद ठेवून महिन्याने पुन्हा मोजतो आणि दोन सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास गाडी कामाला लावण्यापूर्वी कारण शोधतो. माझ्या गाडीत मागे २४ मिलिमीटर आणि पुढे ८ मिलिमीटर फरक होता. आकडे वाढत जात असतील तर मात्र फरक लहान असला तरी थांबू नये, कारण तुटू लागलेला पाटा असाच हळूहळू बसतो.

दोष पुढे की मागे

चासी हा बऱ्यापैकी ताठ सांगाडा असल्याने मागचा एक कोपरा बसला की त्या बाजूचा पुढचा कोपराही थोडा खाली जातो. त्यामुळे जिथे कल दिसतो तिथेच दोष असेल असे नाही. हे वेगळे करण्यासाठी मागच्या बाजूला चासीच्या आडव्या पट्टीच्या बरोबर मध्यभागी जॅक लावून, मागच्या पाट्यांवरचा भार निघेपर्यंतच गाडी सावकाश उचलावी. आता मागचा भाग एकाच बिंदूवर टेकलेला असल्याने तो पुढच्या स्प्रिंग ज्या कलाने उभ्या आहेत त्याच कलाने राहील. या स्थितीत पुढच्या चासीची उंची दोन्हीकडे सारखी झाली, तर दोष मागे आहे. पुढचा कल तसाच राहिला, तर दोष पुढे आहे. नंतर पुढच्या आडव्या पट्टीच्या, म्हणजे क्रॉसमेंबरच्या, मध्याखाली जॅक घेऊन हीच चाचणी उलट करावी. दोन्ही चाचण्यांत थोडाथोडा कल राहत असेल तर दोष दोन्हीकडे आहे आणि जुन्या, भरपूर चाललेल्या गाड्यांत तसे असणे मुळीच दुर्मीळ नाही.

या चाचणीत एक धोका आहे आणि तो लक्षात न घेतल्यामुळे माणसे गाडीखाली सापडतात. पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो आणि बहुतेक पिकअपमध्ये इंजिनाची ताकदही मागच्याच चाकांना जाते. मागची चाके जमिनीवरून सुटली किंवा हलकी झाली, की हँडब्रेक ओढलेला असो वा गिअर टाकलेला असो, गाडीला धरणारे काहीच उरत नाही. म्हणून मागचा भाग उचलण्यापूर्वी पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकाव्यात. गाडी एकाच जॅकच्या टोकावर असताना फक्त बाजूला उभे राहून मोजावे. खाली शिरायचे असेल तर आधी चासीखाली दोन मजबूत घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, लावाव्यात. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक एकावर एक रचून त्यावर गाडी कधीही ठेवू नये, कारण ते इशारा न देता फुटतात.

मागचे पाटे

आपल्याकडच्या पिकअपमध्ये मागे पाटेच असतात आणि कलण्याची बहुसंख्य कारणेही तिथेच सापडतात. डावीकडचे पाटे आधी का बसतात, याला इथल्या रस्त्यांचे आणि कामाच्या पद्धतीचे कारण आहे. पावसाळ्यात रस्त्याची डावी कड आधी उखडते, गटाराची झाकणे आणि खड्डे डाव्या चाकालाच भेटतात, शिवाय कडेला गाडी लावून डावीकडची फळी उघडून क्रेट चढवणारा माणूस माल त्याच बाजूला रचत जातो. टोमॅटोचा एक क्रेट वीस-पंचवीस किलोंचा धरला, तर दहा क्रेटचा असमतोल म्हणजे पाव टन एका बाजूला, आणि हे रोज.

तपासणीची सुरुवात तारेच्या ब्रशने पाटे घासून, चिखल आणि गंज काढून करावी. तुटलेला पाटा बहुधा मध्यभागी, सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या छिद्रातून किंवा पाटे एक्सलला (दोन चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) आवळणाऱ्या यू-बोल्टच्या कडेला तुटतो आणि दोन्ही तुकडे दाबाखाली एकमेकांना टेकलेले असल्याने ती फट दिसत नाही. फटीतून ओघळलेली तांबूस गंजरेषा, बाजूला सरकलेला पाटा किंवा पाट्यांच्या टोकांमध्ये नव्याने दिसणारी चमक, या तीन खुणा शोधाव्यात. माझ्या गाडीत वरून दुसरा पाटा सेंटर बोल्टपाशी तुटलेला होता आणि ब्रश मारण्यापूर्वी दोन जणांनी तो ठीक असल्याचे सांगितले होते.

तुटलेले काही नसेल तर शॅकल पाहावा. पाट्याचे एक टोक हँगरमध्ये पक्के असते आणि दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला जोडलेले असते, कारण भार आल्यावर पाटा सपाट होतो, म्हणजेच लांब होतो, आणि त्या लांबीला सरकायला जागा लागते. कळवा, ऐरोली, बेलापूर असा खाडीचा सगळा पट्टा दमट आणि खारट हवेचा आहे. त्यात पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की शॅकलच्या पिना गंजून जखडतात. जखडलेला शॅकल पाट्याला मोकळे होऊ देत नाही आणि ती बाजू कधी वर, कधी खाली अडकून राहते. गाडी हलवल्यावर किंवा भार काढल्यावर दर वेळी उंचीचा वेगळाच आकडा मिळत असेल, तर संशय प्रथम शॅकलवर घ्यावा. दोन्ही बाजूंच्या शॅकलचा कोन एकमेकांशी ताडून पाहावा. डोळ्यांना दिसणारा फरक असेल तर एकतर पाटा बसला आहे किंवा शॅकल अडकला आहे. ग्रीस निपल असलेल्या पिनांना ग्रीस भरल्यावर ते दुसऱ्या बाजूने बाहेर यायला हवे, नुसते निपलपाशी ओघळून उपयोग नाही. रबरी बुश, म्हणजे पिनेभोवतीच्या रबरी नळ्या, असतील तर त्यांना ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगून खराब होते.

यानंतर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर, स्टिअरिंग सरळ ठेवून, डावीकडे आणि उजवीकडे मोजावे. त्यात ठळक फरक असेल तर सेंटर बोल्ट तुटून एक्सल पाट्यांवरून सरकला आहे, अशी शक्यता बळकट होते. अशी गाडी सरळ रस्त्यावरही तिरपी चालते आणि ती त्याच दिवशी उभी करायला हवी. हँगरचे रिव्हेट व त्याभोवतीचा चासीचा पत्राही बॅटरी लावून नीट पाहावा, कारण तिथे तडा गेला असेल तर नवे पाटे घालून काहीही साधत नाही.

सगळे शाबूत दिसत असूनही बाजू खाली असेल, तर पाट्यांची कमान उतरली आहे. ते सिद्ध करण्यासाठी दोन्ही बाजूंचे पाटे उतरवून शेजारी ठेवावेत, मुख्य पाट्याच्या एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत दोरी ताणावी आणि सेंटर बोल्टपाशी दोरीपासून पाट्यापर्यंतची खोली मोजावी. ज्या बाजूची खोली कमी, त्या बाजूची कमान गेली.

काय बदलावे, काय बदलू नये

बसलेल्या पाट्यांवर तीन उपाय सुचवले जातात. पहिला म्हणजे बसलेल्या बाजूला एक जादा पाटा घालणे. हा मला पूर्णपणे चुकीचा वाटतो. रिकामी गाडी त्याने सरळ दिसते, पण एक बाजू कडक आणि एक मऊ झाल्यामुळे भार घेतल्यावर कल उलट बाजूला जातो आणि खड्ड्यात गाडीचा मागचा भाग अंग झटकतो. दुसरा उपाय म्हणजे जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणे. पाट्याचे पोलाद सिलिकॉन-मँगनीज जातीचे असून ते तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा ठरावीक उष्णतेला टेम्पर करून लवचीक बनवलेले असते. गॅसच्या ज्योतीने मधला भाग लाल करून वाकवला की तो टेम्पर जातो. कमान दिसते, पण काही आठवड्यांत पुन्हा उतरते किंवा पाटा त्याच जागी तुटतो. पाटे थंड अवस्थेतच यंत्रावर दाबून कमान देणारा, किंवा संपूर्ण पाटा भट्टीत घालून नव्याने टेम्पर करणारा कारागीर मिळाला तर हा उपाय काही काळ चालतो. कळंबोली, तुर्भे या अवजड वाहनांच्या भागांत चौकशी करताना ‘कमान कशी देता’ हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तरात गॅसचा उल्लेख आला तर निघून यावे. तिसरा उपाय, आणि माझ्या मते योग्य उपाय, म्हणजे गाडीच्या मॉडेलला लागू असलेले पाट्यांचे नवे संच दोन्ही बाजूंना एकदम घालणे. एकाच बाजूला नवा संच घातला तर जुनी बाजू त्याच्या तुलनेत खाली राहते. फक्त एकच पाटा तुटलेला असून बाकीच्या कमानी दोन्हीकडे जुळत असतील, तर तेवढाच पाटा त्याच जाडीचा, रुंदीचा आणि लांबीचा बदलणे पुरेसे आहे. माझ्या गाडीत तेच केले.

काम करताना आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सैल करणारे तेल सोडून ठेवावे. चासी हँगरच्या पुढे घोड्यांवर टेकवावी, एक्सलला वेगळ्या जॅकचा आधार द्यावा आणि शॉकॲब्सॉर्बरचे खालचे टोक सोडवावे. एक्सल खाली घेताना ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, याकडे सतत लक्ष असावे. यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, म्हणून जुने पुन्हा वापरू नयेत. नवे पाटे बसवताना सेंटर बोल्टचे डोके एक्सलवरच्या छिद्रात नेमके बसले आहे हे हाताने चाचपून खात्री केल्याशिवाय यू-बोल्ट आवळू नयेत. यू-बोल्टचे चार नट एकेक पूर्ण न आवळता कर्णाच्या क्रमाने, थोडे थोडे, शेवटी कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कपर्यंत, म्हणजे आवळण्याच्या जोरापर्यंत, आवळावेत.

बहुतेक ठिकाणी चुकते ती पुढची पायरी. पाट्याच्या डोळ्यांचे बोल्ट चाके लोंबकळत असताना पूर्ण आवळले, तर रबरी बुश त्या लोंबत्या स्थितीत पकडला जातो आणि गाडी जमिनीवर आल्यावर तो पिळला जाऊन गाडीला वर ढकलत राहतो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या स्थितीत आवळल्या गेल्या तर नव्या पाट्यांवरही गाडी कलते, आणि मग पाट्यांना नावे ठेवली जातात. म्हणून हे बोल्ट हाताने बसवून गाडी चाकांवर उतरवावी, दोन-तीन वेळा हलवावी आणि पूर्ण भार चाकांवर असतानाच अंतिम आवळणी करावी. पुढचे चाक चासीला जोडणाऱ्या कंट्रोल आर्मच्या रबरी बुशांनाही हाच नियम लागू आहे.

पुढची बाजू आणि इतर कारणे

पुढे पाटे असतील तर वरचे सगळे लागू होते. कॉइल स्प्रिंग असेल तर तिचे सर्वांत खालचे वेटोळे पाहावे, कारण चिखल साठून गंजल्यामुळे ते तिथे तुटते आणि तुकडा वाटीतच बसून राहतो. वरची रबरी गादी एका बाजूला गायब असेल तर तिच्या जाडीइतकी उंची कमी होते. काही गाड्यांत डाव्या-उजव्या स्प्रिंग मुळातच वेगळ्या असतात आणि त्यांवर रंगाच्या खुणा किंवा भाग क्रमांक असतो; पूर्वीच्या दुरुस्तीत त्या उलटसुलट बसल्या नाहीत ना, हे पाहून घ्यावे. टॉर्शन बारच्या गाडीत उंची जुळवण्याचा बोल्ट असतो आणि पाट्यांच्या गाडीत जे काम दिवस घेते ते येथे काही मिनिटांत होते; मात्र चाकावरचा भार काढूनच बोल्ट फिरवावा, अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नये, प्रत्येक वेळी गाडी खाली आणून, हलवून मोजावे आणि काम संपल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, कारण उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात.

अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डावी-उजवी चाके जोडणारा दांडा, असलेल्या गाडीत त्याचे दोन्ही बाजूंचे दुवे सोडवून पुन्हा मोजावे. दुवे सोडताच कल गेला तर वाकलेला बार किंवा वेगळ्या लांबीचे दुवे हे कारण आहे. हे क्वचित आढळते, पण तपासायला दहा मिनिटे लागतात.

स्प्रिंग, बुश, शॅकल सगळे निर्दोष असूनही कल राहिला तर चासी पिळलेली असू शकते. चासीवरचे डावे-उजवे समान बिंदू ओळंब्याने जमिनीवर उतरवून खडूने खुणा कराव्यात आणि त्या खुणांमधले कर्ण मोजावेत. कर्ण वेगळे आले तर चौकट तिरकी झाली आहे. नुसता पीळ मात्र कर्णांत दिसत नाही. त्यासाठी पाणसळ वापरून चासीची उंची पुढे, मध्ये आणि मागे दोन्हीकडे मोजावी लागते. हे काम घरच्या अवजारांनी सुधारण्यासारखे नाही आणि चासीला कुठेही वेल्डिंगचा ठिगळ लावून घेऊ नये. हँगरजवळ अधिकृत पद्धतीने वेल्डिंग करावेच लागले, तर आधी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, अन्यथा इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण खराब होण्याची शक्यता असते.

दुरुस्तीनंतर

काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलवर दांड्याने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. तो चासी आणि एक्सल यांमधले अंतर पाहून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. अंतर कमी म्हणजे गाडी भरलेली, जास्त म्हणजे रिकामी, असे तो समजतो. नव्या किंवा जादा पाट्यांमुळे मागची बाजू वर गेली, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. मुंब्रा बाह्यवळणाच्या किंवा गायमुखच्या उतारावर हा फरक जीवघेणा ठरू शकतो, म्हणून पाट्यांचे काम झाल्यावर हा व्हॉल्व्ह पुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्यावाच. जादा पाटे घालून जास्त माल नेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार करता येत नाहीत आणि कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पाट्यांची तपासणी त्या तारखेच्या महिनाभर आधी उरकली तर तपासणीला गाडी नेताना घाई होत नाही.

काम संपल्यावर गाडी त्याच खडूच्या खुणांवर, टाकीत तितकेच डिझेल ठेवून पुन्हा मोजावी आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहावेत. माझ्या गाडीत मागचा फरक २४ वरून ५ मिलिमीटरवर आणि पुढचा ८ वरून ३ वर आला. हेडलाइटचा झोत भिंतीवर पाडून तपासावा, कारण कललेल्या गाडीवर जुळवलेला झोत सरळ झालेल्या गाडीवर चुकतो. नवे यू-बोल्ट पहिल्या काही दिवसांत थोडे सैल पडतात; साधारण ५०० किलोमीटर झाल्यावर, गाडी रिकामी आणि चाकांवर उभी असताना, ते पुन्हा टॉर्कने तपासावेत आणि त्याच वेळी चारही कोपऱ्यांचे आकडे आणखी एकदा वहीत उतरवून ठेवावेत.